झग्यावरची डेझी

१

शनिवारी सकाळी दाईने निळ्या खोलीतल्या पलंगावरची मलमल उचलली आणि ती मटकन खालीच बसली. तिच्या तोंडून शब्द फुटेना. फुटली ती मागोमाग आलेल्या रोझामंडची किंकाळी. ती किंकाळी जिना उतरून न्याहारीच्या खोलीत पोचली, तेव्हा लेडी विनिफ्रेड चमच्याने अंड्याचं टोक फोडत होती.

विनिफ्रेड वर आली तोवर सगळं घर दारात गोळा झालं होतं. मार्चवेल घराण्याचा बाप्तिस्म्याचा झगा पलंगावर पडला होता, म्हणजे त्याचं जे उरलं होतं ते. हस्तिदंती रंगाच्या रेशमाच्या नुसत्या चिंध्या. मार्चवेलच्या अर्लचं प्रत्येक मूल, मुलगा असो की मुलगी, आजोबांच्या वेळेपासून याच झग्यात चर्चमध्ये गेलं होतं. उद्या रविवारी अर्लच्या दुसऱ्या बायकोच्या, रोझामंडच्या, दीड महिन्याच्या मुलाची पाळी होती. हा मुलगा म्हणजे घराण्याचा वारस. त्याच्यासाठी घराण्याने फार वाट पाहिली होती.

"पोलिसांना बोलवा!" रोझामंड ओरडली. "ज्याने हे केलं तो उद्या माझ्या बाळावरही चाकू उचलेल. माझ्या मुलाच्या जन्मापासून या घरात कुणाकुणाच्या पोटात दुखतंय, ते मला का कळत नाही?"

ती नाव घेत नव्हती, पण नजर बरोबर जागी जात होती. अर्लचा धाकटा भाऊ जर्व्हेस आणि त्याची बायको ब्लँच बाप्तिस्म्यासाठी दोन दिवस हॉलवर, म्हणजे या वाड्यावरच, मुक्कामाला आले होते. दीड महिन्यापूर्वीपर्यंत जर्व्हेस हाच गादीचा वारस होता आणि त्याच्यानंतर त्याचे दोन मुलगे. आता तो नुसताच काका होता. दाराच्या चौकटीला टेकून सिबिल उभी होती. ती अर्लची पहिल्या बायकोपासूनची, ऑनोरापासूनची मुलगी, वय वर्षं वीस. मुलगीच असल्यामुळे ती कधीच कशाचीही वारस नव्हती.

"पोलिस नकोत," अर्ल ऑब्री म्हणाला. त्याचा चेहरा राखेसारखा दिसत होता. "घरातली भानगड घरातच राहू दे. विनी बघेल काय ते."

सगळ्यांनी विनिफ्रेडकडे पाहिलं. आसपासच्या घरांतून काही नाहीसं झालं किंवा कुणी कुणावर भलताच आळ घेतला, की लोक पोलिसांच्या आधी तिच्याकडे येत. अर्लची ही अठ्ठावन्न वर्षांची, लग्न न झालेली थोरली बहीण हॉलच्या पूर्वेकडच्या दोन खोल्यांत राहायची आणि माणसांना बोलतं करायची.

"बघण्यासारखं आहे काय म्हणा," ऑब्री पुढे म्हणाला. "काल चहानंतर झगा इथे ठेवताना कोण रडत बसलं होतं, ते दाईने पाहिलंय. विनीचं काम संपू दे. सोमवारच्या गाडीने ही मुलगी स्कॉटलंडला जाईल, आणि पुन्हा या घरात येणार नाही."

सिबिलचा चेहरा पांढराफटक पडला. परवापर्यंत हाच बाप तिला 'माझी चिमणी' म्हणत होता.

२

खोली रिकामी करून विनिफ्रेडने दाराला आतून कडी घातली, पलंगावर चादर पसरली आणि एकेक चिंधी जागच्या जागी लावायला बसली.

ती स्वतः याच झग्यात चर्चला गेली होती. ऑब्रीच्या तीन वर्षं आधी. तिच्या वेळी घंटा वाजल्या नव्हत्या. ऑब्री झाला तेव्हा तीन गावांतल्या घंटा दिवसभर वाजत होत्या आणि कुळांना बिअर वाटली होती. हे तिला आठवत होतं, कारण खिडकीत उभी राहून तिने दाईला विचारलं होतं, "माझ्या वेळीही अशाच वाजल्या का गं?" दाईने तिला साखरेचा खडा दिला होता. तो खडा तिच्या घशात पंचावन्न वर्षं तसाच अडकून होता. भावावर तिचा जीव होता. पण त्याला त्या मोठ्या खुर्चीत बसलेलं पाहिलं, की आत काहीतरी टोचायचंच.

म्हणून मत्सराची चाल तिला ओळखू यायची. तो रागासारखा आंधळा नसतो. त्याला नेमकं कुठे बघायचं ते ठाऊक असतं.

झग्याच्या झालरीवर प्रत्येक मुलासाठी त्याच्या आईने एक फूल भरायचं, अशी रीत होती. आजोबांची लिली, वडिलांचा गुलाब, विनिफ्रेडचा लॅव्हेंडर, ऑब्रीचं कार्नेशन, जर्व्हेसचं व्हायोलेट, सिबिलची डेझी, आणि गेल्याच आठवड्यात रोझामंडने बाळासाठी भरलेलं ट्यूलिप.

झालर जुळली आणि विनिफ्रेडचा हात थबकला.

कापणाऱ्याने चाकूने रेशीम उभं फाडलं होतं, पण फुलं सोडली होती. लिलीच्या डावीकडून एक काप आणि उजवीकडून दुसरा. गुलाबाचंही तसंच. बाळाच्या ट्यूलिपचा तर दोराही उसवला नव्हता. वारसावर जळणारा माणूस चाकू घेऊन आला असता, तर त्याने सगळ्यात आधी काय फाडलं असतं?

व्हायोलेटपाशी मात्र काप थेट फुलावर चालून आला होता. देठापर्यंत आला होता आणि तिथेच थांबला होता. जणू हात उगारला आणि कुणीतरी मनगट धरलं.

आणि एक तुकडा नव्हताच. तिने पलंगाखाली पाहिलं, गादी उलटली, दाईच्या टोपलीत शोधलं. सहाच फुलं होती. डेझीच्या जागी कोरून काढलेलं एक चौकोनी भोक होतं.

विनिफ्रेडने त्या भोकाच्या कडेवरून बोट फिरवलं. त्या डेझीबद्दलची एक गोष्ट या घरात एकट्या तिलाच ठाऊक होती, आणि वीस वर्षं तिने ती ओठांबाहेर पडू दिली नव्हती.

३

सिबिल तबेल्यात सापडली. गवताच्या भाऱ्यावर बसून ती सीझरच्या कानामागे खाजवत होती. सीझर म्हणजे ऑब्रीचा म्हातारा कुत्रा. तो जन्मभर वाचनालयातल्या शेकोटीपुढे झोपला होता, पण बाळ आल्या दिवशी रोझामंडने त्याची रवानगी तबेल्यात केली होती. तेव्हापासून तो घराच्या दिशेने तोंड करून कण्हायचा.

"आत्या, मी नाही केलं," सिबिल म्हणाली.

"मी अजून विचारलंही नाही."

"बाकी सगळ्यांनी न विचारताच ठरवलंय." तिने नाक पुसलं. "हेवा वाटला मला, खोटं कशाला सांगू? वीस वर्षं मी एकटीच होते. मग ते लालबुंद, मुठीएवढं गाठोडं आलं आणि किती घंटा वाजल्या! माझ्या वेळी वाजल्या होत्या?"

"नाही. माझ्याही वेळी नाही."

सिबिल रडता रडता हसली. "म्हणजे आपण दोघी एकाच माळेच्या."

"काल निळ्या खोलीत का रडत होतीस?"

"आईचं फूल बघत होते. मी चार वर्षांची होते ती गेली तेव्हा. तिचा चेहराही मला तसबिरीतलाच आठवतो. तिच्या हातचं म्हणावं असं तेवढंच आहे माझ्याकडे, ती डेझी. मी ती कापीन?"

विनिफ्रेडने मान फिरवली आणि कुत्र्याला थोपटलं.

"आणि पपांना काय झालंय तेच कळत नाही," सिबिल म्हणाली. "काल रात्री जेवताना मी मीठ मागितलं, तर त्यांनी नोकराला सांगितलं, 'मिस सिबिलला मीठ दे.' मिस सिबिल! माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही."

"काल रात्री? नक्की?"

"नक्की म्हणजे काय! सूप गार झालं माझं."

विनिफ्रेडने मनातल्या मनात वेळा जुळवल्या. झगा फाटलाय हे घराला कळलं आज सकाळी. बाप मुलीवर रुसला काल रात्रीच.

रोझामंड बाळाच्या खोलीत होती, पाळण्याच्या कठड्यावर दोन्ही हात घट्ट रोवून. काल चहानंतर जेवणापर्यंत ती इथेच होती आणि दाई तिच्यासमोर होती. तिथे संशयाला जागा नव्हती. पण विनिफ्रेडने खुर्ची ओढलीच.

"हरवलाय तो ऑनोराच्या मुलीच्या फुलाचा तुकडा. तुम्हाला त्याचं वाईट वाटतंय का?"

रोझामंडने तिच्याकडे रोखून पाहिलं. "खरं सांगू? नाही. मी या घरात आले तर पियानो ऑनोराचा, गुलाबाचे ताटवे ऑनोराचे, नवऱ्याची चहात दूध आधी घालायची सवयही ऑनोराची. जिवंत सवत असती तर भांडले असते. मेलेलीशी काय भांडणार? ती म्हातारी होत नाही, जाड होत नाही, तिचं काही चुकतच नाही." तिचा आवाज खाली आला. "काल चहाच्या वेळी मी झगा दाखवला, तेव्हा ब्लँच त्या फुलावर काहीतरी बोलली आणि हे एकदम गप्प झाले. वीस वर्षं झाली! माझ्या कुठल्या गोष्टीने ते असे गप्प झालेले मला आठवत नाहीत."

"काय बोलली ब्लँच?"

"मला नीट ऐकू आलं नाही. पण हे हसले. ते हसू मला आवडलं नाही."

४

ब्लँच बैठकीच्या खोलीत एकटीच पत्ते लावत होती. तिने मान वर केली नाही.

"या, या, न्यायाधीशबाई. आमची झडती घ्यायची असेल तर खोली उघडीच आहे."

"झडती नको. काल तू फुलांवर काय म्हणालीस तेवढं सांग."

"अय्या, त्याचं काय एवढं! बाकीच्या आयांनी गुलाब न् लिल्या भरल्या, आणि ऑनोराबाईंनी डेझी. गवतात उगवतं ते फूल! गाई खातात ते. अर्लच्या मुलीच्या झग्यावर? मी आपलं म्हटलं, 'गंमतच आहे, असलंच फूल आमच्या ह्यांच्या टायपिनवर आहे, आणि पिनही सिबिल झाली त्याच वर्षापासूनची.' एवढंच."

"कुणाला म्हणालीस?"

"ऑब्री शेजारीच होता." तिने पान पालथं टाकलं. "तो हसला."

"ब्लँच, तुला माहीत होतं ते कुठे लागेल."

आता मात्र तिने पत्ते खाली ठेवले. "आणि मला कुठे लागत होतं ते कुणी विचारलं? माझ्या मुलांना तो झगा मिळाला नाही, कारण आम्ही धाकटे. काल त्या साबणवाल्याच्या मुलीने, रोझामंडने, तो असा मिरवला, जणू तिच्या बापाच्याच कारखान्यात धुतलाय. आणि माझा नवरा? वीस वर्षं रोज सकाळी आरशापुढे उभा राहून ती पिन लावतो. रोज! मी काही विचारत नाही. पण डोळे आहेत मला."

जर्व्हेस बागेत सिगार ओढत होता. पिनेबद्दल विचारताच तो मोकळेपणाने हसला आणि टायवरचं ते छोटंसं सोन्याचं फूल त्याने अंगठ्याने पुसलं.

"ही? माझी घोडी होती डेझी नावाची. तिने परगण्याची शर्यत जिंकली, त्याची ही पिन. आयुष्यात मी जिंकलेली एकमेव गोष्ट, विनी. लावू नको तर काय करू?"

"आणि ऑनोरा?"

त्याचं हसू थोडं उतरलं. "ऑनोरावर अख्ख्या परगण्याचा जीव होता. मी मागणी घातली, तिने नकार दिला, तोही हसत हसत. मग तिने ऑब्रीला हो म्हटलं आणि आयुष्यभर दुसऱ्या कुणाकडे मान वळवून पाहिलं नाही. ब्लँचला हे सांगून उपयोग नाही. पण ऑब्रीला माहीत आहे."

"काल चहानंतर कुठे होतास?"

"कपडे बदलायच्या आधी ऑब्रीशी दोन शब्द बोलावेत म्हणून वाचनालयाकडे गेलो. दाराला आतून कडी. बाहेर केस जळाल्यासारखी ही घाण! मी हाक मारली, तर आतून म्हणाला, 'सीझर शेकोटीला फार चिकटून झोपला, अंगावरचे केस होरपळले. जा तू, मी येतो.' म्हातारा झाला बिचारा कुत्रा."

विनिफ्रेडने हातमोज्याचं बटण लावलं, काढलं, पुन्हा लावलं. जर्व्हेस पाहुणा होता. कुत्र्याला दीड महिन्यात घराचा उंबरा ओलांडू दिलेला नाही, हे त्याच्या कानावर आलेलं नव्हतं.

आणि रेशीम जळलं की केस जळाल्यासारखाच वास येतो, हे त्याला ठाऊक असायचं काही कारण नव्हतं.

५

"तर?" ऑब्री वाचनालयात आपल्या खुर्चीत बसला होता. दुपारचं ऊन गालिच्यावर आलं होतं. "सिबिलने कबूल केलं?"

विनिफ्रेडने कवेतली चादर टेबलावर पसरली. सगळ्या चिंध्या तिने तिच्यावर टाचल्या होत्या.

"बस, ऑब्री. आणि मधे बोलू नकोस. सगळे म्हणाले, बाळाच्या मत्सराने कुणीतरी झगा फाडला. पण बाळाच्या फुलाला धक्कासुद्धा नाही. म्हणजे राग बाळावर नव्हता. त्यात जर्व्हेस सुटला, ब्लँच सुटली, सिबिलही सुटली. मग राग कशावर? जे फूल नाहीसं झालं त्याच्यावर. ते कापून घ्यायला कुणीतरी आलं. घेतल्यावर त्याच्या लक्षात आलं, की एवढं एकच भोक दिसलं तर कुणाचं दुखणं आहे ते उघडच होईल. मग सगळा झगा फाडला, म्हणजे संशय पाळण्याभोवती फिरत राहील."

"रोझामंड..." ऑब्री म्हणाला.

"रोझामंड दाईसमोर होती. आणि रोझामंडला आपल्या आजोबांच्या लिलीचं काय सोयरसुतक? ज्याने फाडलं त्याला फुलं कापवेनात. हे बघ व्हायोलेट. जर्व्हेसचं. इथे चाकू त्वेषाने आला आणि देठापाशी थांबला. जर्व्हेसवर राग होता, पण ते फूल आईने भरलेलं. आईच्या टाक्यांवर हात चालवायला जो कचरला, तो आईच्याच पोटचा. आपण तिघंच आहोत. मी नाही. जर्व्हेस स्वतःच्याच फुलावर कशाला चिडेल?"

शेकोटीत लाकूड फुटलं.

"तू काल रात्रीच सिबिलला 'मिस सिबिल' म्हणालास. झगा सापडण्याआधी. आणि काल इथे सीझरचे केस जळाले म्हणालास. सीझर तबेल्यात आहे, ऑब्री. मी त्याला रोज हाड नेऊन देते."

ऑब्री उठला. खिडकीपाशी गेला. तिच्याकडे पाठ करूनच तो बोलला तेव्हा त्याचा आवाज ओळखू येत नव्हता.

"वीस वर्षं ती डेझी माझ्या डोळ्यांसमोर होती आणि मी गाढवासारखा तिचं कौतुक करत होतो. किती साधी बाई, म्हणायचो, साधं फूल निवडलं. काल ब्लँच बोलली आणि एकदम सगळं जुळलं. त्याची पिन, त्याची मागणी, त्या उन्हाळ्यात त्याचं इथलं येणं-जाणं. सिबिलचे ते तांबडे केस! माझे आहेत? ऑनोराचे होते? मी इथे बसून तो तुकडा भिंगाखाली धरला, विनी. एकेक पाकळी पाहिली. तिने किती प्रेमाने भरली असेल ती, त्याच्यासाठी! मग विस्तवात टाकली."

"तांबडे केस माझे होते," विनिफ्रेड म्हणाली. "पांढरे व्हायच्या आधी. तू कधी पाहिलेस म्हणा!"

"त्याने डेझीचं काही उत्तर मिळत नाही."

"त्याचं उत्तर माझ्याकडे आहे." हे बोललं, की तबेल्यात बसलेल्या त्या पोरीच्या हातून आईची एकुलती एक खूण जाणार होती. न बोललं, तर बापच जाणार होता. "ती डेझी ऑनोराने भरलीच नव्हती. सिबिल झाल्यावर ती दोन महिने तापाने फणफणत होती. सुई कुठली, तिला चमचा धरवत नव्हता. आणि आई रोज विचारायची, 'फूल झालं का? आमच्या घरात सुना पाचव्या दिवशी भरतात.' ऑनोरा रडायची. मग मी झगा माझ्या खोलीत नेला आणि मी भरलं. तिने माझ्याकडून वचन घेतलं, की सासूला कधी कळू द्यायचं नाही. मग ती गेली, आणि सिबिल त्या फुलाला आई समजायला लागली. मग तर मी कायमचीच गप्प बसले."

"पण डेझीच का?"

"कारण मला दुसरं काही भरताच येत नाही!"

ऑब्री वळला. त्याच्या डोळ्यांत आशा होती, पण संशय त्याहून मोठा होता. "तू सिबिलसाठी काहीही बोलशील."

विनिफ्रेडने कमरेच्या पिशवीतून सुईदोरा काढला, त्याच्या खिशातला रुमाल ओढून घेतला आणि ती खिडकीजवळ बसून टाके घालायला लागली. तो उभा राहून बघत होता. पाकळ्या एकेक करून उमटल्या. सात. सातवी वाकडी आणि तोकडी, कारण तिथवर येताना तिची जागा नेहमीच संपायची. मग मधोमध पिवळी गाठ, थोडी डावीकडे सरकलेली.

तिने रुमाल त्याच्या हातात दिला.

काल त्याने ते फूल भिंगाखाली पाहिलं होतं. मत्सराने पाहिलेली गोष्ट माणूस विसरत नाही. त्याने त्या वाकड्या पाकळीवरून बोट फिरवलं आणि मार्चवेलचा अर्ल गालिच्यावर गुडघ्यांवर बसला, दोन्ही हातांनी तोंड झाकून.

"कुणाला सांगू नकोस, विनी," थोड्या वेळाने तो म्हणाला. "मी सिबिलला जवळ घेईन. झग्याचं काहीतरी सांगू. एखाद्या नोकराचं..."

"नोकराचं?" ती उठली. "चहाची घंटा होईल आत्ता. सगळे असतील. तू सांगशील, नाहीतर मी सांगेन."

६

त्याने सांगितलं. टेबलाच्या टोकाशी उभं राहून, कपाला हात न लावता, सगळं सांगितलं. डेझी कुणी भरली तेही.

पहिला उठला जर्व्हेस. त्याने भावाकडे पाहिलं आणि बटलरला गाडी जोडायला सांगितली. ब्लँच त्याच्यामागे गेली. दारात तिने त्याच्या बाहीला हात लावला. त्याने हात झटकला नाही, पण तो थांबलाही नाही.

रोझामंड शांतपणे म्हणाली, "सोळा वर्षांपूर्वी मेलेल्या बाईसाठी तुम्ही चाकू घेऊन उठलात. माझ्यासाठी उठला असता का हो कधी?" उत्तराची वाट न बघता ती बाळाकडे गेली.

सिबिल बसून राहिली. ऑब्री तिच्या खुर्चीपाशी आला. "चिमणे," तो म्हणाला.

"एका संध्याकाळीत, पपा?" तिने विचारलं. "वीस वर्षांची मुलगी तुम्ही एका संध्याकाळीत काढून टाकलीत? मला एकदा विचारलंही नाहीत?"

ती उठली आणि विनिफ्रेडसमोर येऊन उभी राहिली. विनिफ्रेडला वाटलं, आता ही मला बोलणार. आईचं फूल खोटं होतं म्हणून रडणार. पण सिबिलने फक्त तिची बोटं हातात घेतली आणि ती उलटसुलट करून पाहिली, जणू पहिल्यांदाच पाहत होती.

रविवारी बाळाचा बाप्तिस्मा साध्या सुती अंगरख्यात झाला. सोमवारी सिबिल गेली खरी, पण स्कॉटलंडला नाही. ती विनिफ्रेडच्या दोन खोल्यांपैकी एकीत राहायला गेली. बाप तिला रोज भेटायला यायचा. ती त्याच्याशी नीट बोलायची, चहा द्यायची, हवापाण्याच्या गप्पा मारायची. त्याहून जास्त काही नाही.

दुसऱ्या वर्षी जूनमध्ये शेजारच्या गावच्या डॉक्टरशी तिचं लग्न ठरलं. आदल्या आठवड्यात ऑब्रीने नवा कोट शिवून घेतला. मुलीला हात धरून वेदीपर्यंत न्यायचं, म्हणजे बापाचा मान.

"पपा, तुम्ही पुढच्या बाकावर बसा," सिबिल म्हणाली. "माझ्याबरोबर आत्या चालेल."

गावात कुजबुज झाली. पाद्र्याने दोनदा खोकून दाखवलं. सिबिल ऐकेना.

लग्नाच्या दिवशी चर्चच्या दारात विनिफ्रेडने तिचा हात आपल्या कोपरात घेतला आणि दोघी चालू लागल्या. दोन्हीकडची माणसं उभी राहिली. मागच्या बाकांवर जर्व्हेस होता. वर्षभरानंतर तो मार्चवेलच्या चर्चमध्ये पहिल्यांदाच आला होता. पुढच्या बाकावर नवा कोट घालून अर्ल उभा होता. त्या दोघी जवळून गेल्या तेव्हा तो मुलीकडे बघत नव्हता. बहिणीच्या कोपराकडे बघत होता, जिथे मुलीचा हात होता. ती नजर विनिफ्रेडने लगेच ओळखली. आयुष्यभर तिने स्वतः त्याच नजरेने त्याच्या खुर्चीकडे पाहिलं होतं.

तिला त्याची दया आली. खरोखर आली. पण घंटा वाजत होत्या, आणि तिने सिबिलचा हात आणखी थोडा जवळ ओढून घेतला.